‘पुढचं बघू’ म्हणायची एवढी घाई का?

मिशिगनमधल्या एका आईचं चार पानी पत्र आलंय. “ताई, आमची लेक चौदा वर्षांची. चार वर्षं एकाच मुलाबरोबर आइस डान्स करतेय. गेल्या महिन्यात कळलं की तो दुसऱ्या मुलीबरोबर मॉन्ट्रियलला चाललाय. फोनसुद्धा नाही, कोचकडून निरोप आला. त्या दिवसापासून आम्ही नवा पार्टनर शोधतोय. हिचे बाबा म्हणतात, झालं तेवढं पुरे, आता अभ्यासाचं बघू. आणि ही काहीच बोलत नाही. हो नाही, नाही नाही.”

पुढे पाच प्रश्न आहेत. नव्या जोडीदारासाठीची चाचणी, म्हणजे ट्रायआउट, लगेच द्यावी का? दुसऱ्या गावी परक्या कुटुंबात ठेवावं का? अजून ग्रीन कार्ड नाही, तर एवढं करण्यात अर्थ आहे का? कॉलेजसाठी याचा उपयोग होईल का? आणि सांगलीच्या आजी-आजोबांना काय सांगायचं?

मी पहिल्यावरच बसणार आहे. बाकीच्यांना शेवटी चार-चार ओळी देईन, राग मानू नका.

तुमच्या चार पानांतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. तिसऱ्या पानाच्या तळाशी, खर्चाच्या हिशेबानंतर. “(परवा रात्री पाणी प्यायला उठले तर ही किचनमध्ये नुसत्या मोज्यांवर एकटीच स्टेप्स करत होती. डावा हात हवेत, त्याच्या खांद्याच्या उंचीवर. मी लाइट न लावता परत फिरले.)” आणि पुढच्याच ओळीत तुम्ही ट्रायआउटच्या तारखांवर गेलात.

बाई, तुम्ही लाइट लावला नाही, म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मग कळलेलं कंसात का ठेवलंत?

हा स्तंभ नेमाने वाचणाऱ्यांना माझं दुखणं ठाऊक आहे. परदेशातल्या मराठी घरांत एक वाक्य फार लवकर बोललं जातं, ‘पुढचं बघू’. आपण सगळे त्या वाक्यावरच इथे टिकलो. नोकरी गेली, पुढचं बघू. व्हिसा अडकला, पुढचं बघू. माझी आई गेली तेव्हा मी अकराव्या दिवशी परतीच्या विमानात होते आणि सोमवारी ऑफिसात. सगळ्यांनी कौतुक केलं, किती सावरलीस म्हणून. मी सावरले नव्हते, कामाला लागले होते. आपल्यासारख्यांना त्या वाक्याने तारलं, हे मी नाकारत नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात ते देऊ नका, तिला त्याची घडी घालता येत नाही.

आइस डान्स न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते, नाहीतर ‘एक मुलगा गेला, दुसरा येईल’ असंच वाटेल. एकेरी फिगर स्केटिंगमध्ये उड्यांना महत्त्व असतं. आइस डान्समध्ये त्या मोठ्या उड्या नाहीत, आणि जोडीदाराला डोक्यावर उचलून धरायलाही परवानगी नाही. उरतात बर्फावर तिरकी पडणारी पाती, वाकलेले गुडघे आणि शेजारचा माणूस. या बुटांच्या पात्याचा टाचेकडचा भाग मुद्दाम आखूड ठेवतात, कारण दोघं इतकी जवळ असतात की लांब पातं एकमेकांत अडकेल. ट्विझल नावाच्या गिरक्या असतात. एका पायावर फिरत फिरत पुढे सरकायचं, दोघांनी एका वेळी, एकमेकांना न धरता. तिथे डोळ्याला वेळ नसतो, दुसऱ्याचा श्वास माहीत असावा लागतो. आणि गुण लागतात ते जोडीच्या नावावर.

दहा ते चौदा या वयात तुमची लेक रोज पहाटे एका माणसाच्या श्वासावर चालायला शिकली. तो श्वास गेला. मुलगा सुखरूप आहे, त्याला उदंड आयुष्य लाभो. पण तिच्या अंगातून काहीतरी गेलंय, आणि घरात त्यावर कुणी एक शब्द काढत नाही. आपल्याकडे सुतकाचे दहा दिवस का असतात? त्या दिवसांत घरच्यांकडून कसली अपेक्षा नसते. शेजारचे पिठलं-भात आणून देतात, कुणीतरी कडू घास भरवतं, कुणी ‘आता पुढे काय’ विचारत नाही. मी फार धार्मिक नाही, पण ही रीत घालणाऱ्यांना माणूस कळला होता, असं मला पक्कं वाटतं.

तुम्ही लिहिता, “या खेळात मुली भरपूर आणि मुलगे मोजके. उशीर केला तर चांगले मुलगे जातील. म्हणून उंची, वजन, लेव्हल, पास झालेल्या टेस्ट, व्हिडिओ, सगळं सात कोचना पाठवलंय.” मुलगे मोजके हे खरंच आहे, त्यामुळे तुमची घाई मला समजते. पण जे पाठवलंत ते पुन्हा एकदा वाचा. हा बायोडेटा आहे. तुमच्या-माझ्या पिढीतल्या मुली कांदेपोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आल्या, आणि आतल्या खोलीत बसून होकार-नकाराची वाट पाहिली. ट्रायआउटला तेच होतं. अनोळखी मुलगा, अनोळखी कोच, थोडा वेळ बर्फावर, मग ‘कळवतो’. जिला महिन्यापूर्वी कोचच्या निरोपातून नकार मिळालाय, तिला तुम्ही पुन्हा नकाराच्या रांगेत उभं करताय. जखम ओली असताना नकार आला तर तिला एकच अर्थ लागेल, की दोष माझ्यातच आहे.

माझ्या मुलाची गोष्ट सांगते. सांगायला जड जातं, तरी सांगते. तो अकरा वर्षांचा असताना आम्ही न्यू जर्सीहून टेक्ससला आलो. तिकडे शेजारच्या मुलाबरोबर तो टेनिसच्या डबल्स खेळायचा, तीन वर्षं. निघायच्या दिवशी दोघं ड्राइव्हवेवर चेंडू टप्पे मारत बसली होती, ट्रक निघेपर्यंत. इकडे आल्यावर आठवड्याच्या आत मी नवा क्लब शोधला, नवी रॅकेट घेतली, नवा जोडीदारही गाठून दिला. मला वाटलं, किती तत्पर आई आहे मी. तो सहा महिने निमूट खेळला आणि एक दिवस रॅकेट गॅरेजमध्ये ठेवली ती कायमची. त्याला टेनिस आवडेनासं झालं, असंच आम्ही लोकांना सांगायचो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला होता. चकल्या तळताना सहज म्हणाला, “आई, तू त्याचं नावसुद्धा परत काढलं नाहीस. मला वाटलं, त्याची आठवण काढणं चुकीचं असतं.” चौतिसाव्या वर्षी म्हणाला. झारा हातात तसाच राहिला माझ्या.

म्हणून कळकळीने सांगतेय, त्या मुलाचं नाव घरात घ्या. तो कसा हसायचा, डच वॉल्ट्झ हा नाच पहिल्यांदा करताना दोघं कशी धडपडली, ते बोला. फोटो फ्रिजवरून काढले असतील तर परत लावा, निदान तिला विचारा तरी. तिला त्याला पत्र लिहायचं असेल तर लिहू दे, पाठवायचं की नाही ते तीच ठरवेल. सहा आठवडे ट्रायआउट हा शब्द बंद. कोचशी बोलून पहाटेचं सेशन थांबवा, पण रिंकशी, त्या बर्फाच्या मैदानाशी, नातं तोडू नका. रविवारी दुपारी सगळ्यांसाठी खुलं असतं तेव्हा जा, जिथे पोरं कठडा धरून पडत असतात. तिला वाटलं तर ती बर्फावर उतरेल. नाही वाटलं तर तुम्ही दोघी हॉट चॉकलेट प्या आणि घरी या. पुढे तिची इच्छा असेल तर जोडीदाराशिवायही स्पर्धा देता येते. सोलो डान्सच्या स्पर्धा अमेरिकेत रीतसर होतात.

एक लक्ष ठेवा. खाणं कमी झालं, झोप उडाली, किंवा ‘मी नसते तर बरं’ अशा चालीचं काही बोलली, तर वाट न बघता तिच्या डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा झालेल्यांसाठीचा ९८८ हा मदतीचा नंबर अमेरिकेत कुठूनही, रात्री-अपरात्रीही लागतो. आणि या दिवसांत घरात वजनाचा विषय कुणीही काढायचा नाही, कौतुकानेसुद्धा.

तुम्ही मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइटचं उदाहरण दिलंय. “त्यांचा २०१० चा व्हॅन्कुव्हरमधला हिंदी सिनेमाच्या गाण्यांवरचा डान्स पाहूनच हिने बूट मागितले. आम्हाला वाटलं होतं, हीही जोडी तशीच टिकेल.” वाटणारच. तुमच्याच मिशिगनची ती दोघं नऊ-दहा वर्षांची असताना १९९७ मध्ये एकत्र आली आणि २०१४ ला सोचीमध्ये अमेरिकेला आइस डान्सचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण देईपर्यंत एकत्रच राहिली. पण ती जोडी विरळा. अमेरिकेचीच मॅडिसन चॉक २००९ मध्ये ज्युनियर जगज्जेती झाली ती ग्रेग झुअरलाइनबरोबर. इव्हान बेट्स २००८ मध्ये ज्युनियर जगज्जेता झाला तो एमिली सॅम्युअलसनबरोबर, आणि २०१० च्या ऑलिम्पिकलाही तिच्याचबरोबर गेला. चॉक आणि बेट्स २०११ मध्ये एकत्र आले, आणि सीनियर जगज्जेतेपद मिळालं २०२३ मध्ये. मग २०२४ आणि २०२५ मध्येही.

हे वाचून लेकीला “बघ, तुलाही अजून चांगला मिळेल” म्हणू नका हं. तेही ‘पुढचं बघू’च झालं. मी बोट ठेवतेय ते मधल्या बारा वर्षांवर. जुनी सवय अंगातून उतरायला आणि नवी चढायला जगातल्या उत्तमातल्या उत्तमांना एवढा काळ लागला, आणि आपण एका मुलीला महिना देत नाही.

आता बाकीचे प्रश्न.

परक्या कुटुंबात ठेवायचं का? या वर्षी अजिबात नाही. एक माणूस गमावलेल्या मुलीला घरही गमवायला लावू नका. पुढच्या वर्षी तिने स्वतः विषय काढला तर मला पुन्हा लिहा.

ग्रीन कार्डचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या स्पर्धांत जोडीतला एक जण त्या देशाचा नागरिक असला तरी चालतं. ऑलिम्पिकला मात्र दोघंही नागरिक लागतात. कॅनडात जन्मलेली टॅनिथ बेल्बिन याच कारणाने २००२ च्या ऑलिम्पिकला अमेरिकेकडून जाऊ शकली नाही. २००५ च्या अखेरीस तिला नागरिकत्व मिळालं, तेही अमेरिकेच्या संसदेने कायद्यात वाट काढल्यावर, आणि दोन महिन्यांत तिने बेन अगोस्टोबरोबर ऑलिम्पिकचं रौप्य आणलं. पण तुमची लेक चौदाची आहे. ऑलिम्पिक तुमच्या डोक्यात आहे की तिच्या, एवढं आधी बघा. ग्रीन कार्डच्या रांगेची काळजी वकिलावर सोडा. एकविशीनंतर मूल सहसा आई-बाबांच्या अर्जात धरलं जात नाही, तर त्याआधी काय करायचं ते त्यांनाच विचारा, लेकीसमोर नको.

कॉलेज. फिगर स्केटिंग एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या क्रीडा संघटनेच्या, खेळांत नाही, त्यामुळे पोहण्या-टेनिससारखी खेळाची स्कॉलरशिप यातून मिळेल असं धरून चालू नका. तिच्या बाबांना एवढंच सांगते की चार वर्षं पहाटे साडेचारला उठणारी मुलगी अभ्यासात मागे पडलेली नाही, हे तुमच्याच पत्रात लिहिलंय. मग अभ्यासाचा धाक कशासाठी?

सांगलीला खरं तेच सांगा. आजीला पोशाख आणि हातात हात खटकत असतील, पण नात रडतेय हे कळल्यावर आजी काय करते ते बघा. माझी सासू अशा बाबतीत कडक होती. माझा मुलगा गप्प झाला तेव्हा मात्र त्याच्या उशाशी येऊन बसायची ती एकटीच होती.

शेवटचं, जे तुम्ही विचारलेलंच नाही. पहिल्या पानावर लिहिलंत, “त्याच्या आईशी आता बोलणं नाही. चार वर्षं रोज पहाटे कठड्याबाहेर शेजारी बसलो. ती कॉफी आणायची, मी चहा. तिचा थर्मास अजून माझ्या गाडीच्या डिकीत आहे.” मॉन्ट्रियलचा निर्णय त्यांनी ज्या तऱ्हेने कळवला ती तऱ्हा वाईटच. राग येणं साहजिक आहे. पण या परक्या मुलखात रोज पहाटे शेजारी बसणारं माणूस तुमचंही गेलंय, आणि त्यावर तुमच्या चार पानांत हे एवढंच आहे, एक थर्मास.

तो धुवा आणि ती माणसं निघायच्या आत नेऊन द्या. जाण्याआधी लेकीला विचारा. ती नाही म्हणाली तर आग्रह नको. दार उघडून पुढच्या सीटवर येऊन बसली, तर मात्र रस्ताभर काही बोलू नका.