सीओपीडीला 'जुनाट दमा' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: धाप, दमा आणि सीओपीडी (क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज, म्हणजे श्वासाची वाट कायमची अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार) हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, मग सीओपीडीसाठी 'जुनाट दमा' असा सोपा मराठी शब्द रूढ करायला काय हरकत?

हरकत आहे, आणि ती 'जुनाट' या विशेषणालाच आहे. दमा मुळातच दीर्घकाळचा आजार. लहानपणी जडलेला दमा चाळीस वर्षांनी जुना होतो, तेवढ्याने त्याचा सीओपीडी होत नाही. धाप तर नुसते लक्षण. ती जिना चढल्यावर, रक्त कमी असताना, हृदय थकल्यावरही लागते. गोंधळ मात्र जुना आहे. 'दमा' आला फारसी 'दम' म्हणजे श्वास यावरून, ग्रीक 'अस्थमा'चा अर्थही धापणे असाच आणि आयुर्वेदातल्या रोगाचे नाव थेट 'श्वास' (पाच प्रकारांपैकी दम्याशी जुळतो तो तमक श्वास). सगळीकडे लक्षणच रोगाचे नाव होऊन बसले.

दम्यात बिघाड श्वसनींत, म्हणजे फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्यांत असतो. त्यांचे अस्तर सुजलेले आणि फार हळवे असते. परागकण, धूळ, थंड हवा किंवा साधी सर्दी झाली की भोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर आणखी फुगते आणि चिकट कफ साचतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की संथ प्रवाहाच्या गणिताने हवेला होणारा विरोध सोळापट होतो, म्हणून थोडी सूजही भारी पडते. श्वास सोडताना नळ्या एरवीही किंचित अरुंद होतात, त्यामुळे शिटीसारखा आवाज बहुधा तेव्हाच येतो. त्याला 'घरघर' न म्हटलेले बरे. 'घरघर लागणे' म्हणजे मराठीत भलतेच काही!

सीओपीडीत तंबाखूच्या किंवा चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे दोन ठिकाणी हानी होते. श्वसनिका, म्हणजे श्वसनींच्या दोन मिलिमीटरपेक्षा बारीक फांद्या, जाड होतात, त्यांत व्रण धरतात. शिवाय वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, भिंती झिजतात. या भिंतीच श्वसनिकांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवतात. त्या गेल्या की श्वास सोडताना श्वसनिका मिटतात आणि हवा आत अडकते. रुग्ण 'श्वास घेता येत नाही' म्हणतो, पण खरी अडचण आधीची हवा बाहेर न पडल्याची असते. इथे 'श्वास कोंडणे' हा आपला वाक्प्रचार नेमका बसतो.

फरक फुंकून करायच्या चाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत दिसतो. श्वसनी रुंदावणारे औषध ओढून १०-१५ मिनिटांनी पुन्हा फुंकल्यावर पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरहून जास्त वाढली, तर कौल दम्याकडे झुकतो. औषधानंतरही ती एकूण फुंकलेल्या हवेच्या ०.७० पटीपेक्षा कमीच राहिली, तर सीओपीडीकडे. अर्थात जुन्या दम्यातही काहींच्या नळ्या कायमच्या अरुंद होतात, आणि काहींना दोन्ही आजार असतात.

'दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकार' हा प्रतिशब्द बरोबर आहे, पण बोलताना कोणी वापरत नाही. लेखात तो एकदा द्यावा, पुढे सरळ 'सीओपीडी' लिहावे. 'जुनाट दमा'ने नुकसान होते ते उपचारात: दम्यात ओढायचे स्टेरॉइड हा पाया असतो, सीओपीडीत सहसा दीर्घकाळ टिकणारी श्वसनी रुंदावणारी औषधे आधी येतात, आणि स्टेरॉइड निवडक रुग्णांनाच.