भाड्याच्या घरातला फ्रीज थंड करत नाही, मालक बदलून देत नाहीत. काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घर फ्रीजसकट भाड्याने घेतलंय, दोन महिने फ्रीज धड थंड करत नाही, मालक दरवेळी मेकॅनिक पाठवतात, तो काहीतरी खुडबुड करून जातो, आणि "नवा घ्या" म्हटलं की मालक म्हणतात, "अहो, चालू आहे की!" आता भाडं अडवावं की स्वतःच्या पैशाने नवा आणावा, असं तुम्ही विचारलंय.

या "चालू आहे की"ने माझे अडीच महिने खाल्ले, म्हणून सविस्तर लिहिते.

फ्रीज चालू असणं वेगळं आणि त्याने थंड करणं वेगळं. दिवा लागतो, मोटर घरघरते, म्हणजे मालकांच्या हिशेबी चालू. आमचे मालक (आम्ही त्यांना काका म्हणायचो) एकदा स्वतः येऊन गेले. दार उघडलं, आत हात घातला आणि म्हणाले, "गार लागतंय की." उन्हातून आलेल्या हाताला १२ अंशही गारच लागतात! पण चूक माझीही होती. मी फोनवर "नीट होत नाही", "जरा कमीच गार आहे" असं बोलत होते. "जरा कमी"वर कोण नवा फ्रीज आणून देईल?

तेव्हा आधी मोजा. पेलाभर पाण्यात साधा थर्मामीटर बुडवून (तापाचा नको, तो एवढं खाली जात नाही) पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ४ ते ५ अंश किंवा त्याखाली असायला हवं, फ्रीजरमध्ये उणे १८च्या आसपास. नुसत्या हवेचं तापमान दार उघडलं की उडी मारतं, पाण्याचं मारत नाही, म्हणून पेला. आमचा आकडा निघाला १३.

पण काकांना लगेच फोन केला नाही हे बरं झालं. आमच्या घरातल्या एका हुशार माणसाने बटण १ वर नेऊन ठेवलं होतं, १ म्हणजे १ अंश असं समजून. बहुतेक फिरत्या बटणांवरचे आकडे अंश नसतात, आणि आकडा जितका मोठा तितकं जास्त थंड. हे कळल्यावर दोन दिवस आमचाच आवाज बसला होता. बटण फिरवून एक दिवस थांबलो, तरी ११. मग दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिलं. ती अडकून ओढली जायला हवी. अलगद सुटली तर रबर गेलंय आणि नुसतं रबर बदलून भागेल. मागच्या जाळीवरची धूळ काढली, फ्रीज भिंतीपासून थोडा पुढे ओढला. हे सगळं आधी करून घ्या, नाहीतर मेकॅनिक येऊन पाच मिनिटांत रबर बदलेल आणि तुम्ही तोंडघशी पडाल.

आमच्याकडे एवढं करूनही १०च्या खाली काटा आला नाही. इथून खरा ताप सुरू झाला.

पहिला मेकॅनिक म्हणाला, "गॅस संपलाय, भरून देतो." भरला. पंधरा दिवस फ्रीज सुरेख चालला, मग परत तेच. दुसऱ्यांदा गॅस भरला, या वेळी बारा दिवस. तिसऱ्या वेळी मी त्याच्या शेजारी स्टूल टाकूनच बसले, आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली जी पहिल्या दिवशी कळायला हवी होती. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये तोच तोच फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं. म्हणून मेकॅनिकला सरळ विचारा, "गळती सापडली का? कुठे?" शोधायची रीत आहे: नळ्यांमध्ये नायट्रोजन दाबाने भरतात, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघतात. दाब उतरतोय पण बाहेर बुडबुडा कुठेच नाही, तर गळती आतल्या फोममध्ये पुरलेल्या नळीत असण्याची शक्यता मोठी. ती काढायची तर फ्रीज फोडावा लागतो, आणि एवढ्या खटाटोपापेक्षा बहुतेक वेळा नवा परवडतो. आमचं तेच निघालं.

आता काका वाईट होते का? अजिबात नाही. प्रत्येक वेळी त्यांच्यासमोर दोनच आकडे होते, दुरुस्तीचा छोटा आणि नव्या फ्रीजचा मोठा. छोटा निवडणं त्या त्या वेळी शहाणपणाचंच होतं. तीन छोट्यांची बेरीज कुणी केली नव्हती. मेकॅनिकला फेरीचे पैसे मिळतात, त्यामुळे "अजून चार वर्षं जाईल" म्हणायला त्याचं काही जात नाही. आणि नासलेलं दूध ज्याच्या घरात ओतलं जातं तो या दोघांच्या बोलण्यात नसतोच. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. मेकॅनिक मालकांना परस्पर फोनवर काय सांगतो ते तुम्हाला कळत नाही, आणि मालकांनी काय ऐकलं तेही नाही. त्या दोघांच्या मधे घुसा.

मी मेकॅनिकला म्हटलं, "दादा, तुम्ही आत्ता मला जे सांगितलंत तेवढं पावतीवर लिहून द्या." तो कुरकुरला, पण लिहिलं: आतल्या नळीत गळती, दुरुस्ती होण्यासारखी नाही. एवढीच ओळ. आधीच्या दोन पावत्या, चार दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे आणि ही ओळ, असं एकाच मेसेजमध्ये काकांना पाठवलं. रागाचा एकही शब्द नाही. वडिलांचं इन्सुलिन शेजाऱ्यांकडे ठेवावं लागतंय, हेही लिहिलं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, गोठलं तर टाकून द्यावं लागतं, म्हणजे अशा लहरी फ्रीजचा भरवसाच नाही. तुमच्या घरी असं औषध असेल तर ते आजच दुसरीकडे हलवा, मालकांची वाट बघू नका.

काकांचा फोन आला, पण भलत्याच प्रश्नासकट. "तुम्ही बर्फ सुरीने खरवडला होता का?"

प्रश्न आगाऊ वाटला तरी गैर नाही. जुन्या पद्धतीच्या फ्रीजरमध्ये बर्फाच्या थराखाली गॅसची पातळ नळी असते, सुरीचं टोक लागलं की भोक पडतं, आणि मग दोष भाडेकरूचाच. आम्ही खरवडला नव्हता, पण ते सिद्ध कसं करणार? राहायला आलो त्या दिवशी काढलेला रिकाम्या फ्रीजचा एक फोटो सापडला, त्यात फ्रीजरची पाठ स्वच्छ दिसत होती. आताचा तसाच फोटो शेजारी ठेवला: एक ओरखडा नाही. तो जुना फोटोही निव्वळ नशिबाने होता, कप्पे किती ते सासूबाईंना दाखवायला काढलेला. तुम्ही खरवडला असेल तर लपवू नका, अर्ध्या खर्चाचं बोलून मोकळे व्हा. मेकॅनिकला भोक बघून कळतंच.

मग काका "घेऊ" म्हणाले आणि मला वाटलं, सुटलो. छे! आधी त्यांच्या भाच्याकडचा जुना फ्रीज यायचा होता. तो आडवा घालून आणला आणि उतरवल्या उतरवल्या माणसाने प्लग लावायला घेतला. मी ओरडलेच. फ्रीज आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. उभा करून काही तास, आणि बराच वेळ आडवा असेल तर दिवसभर, थांबूनच चालू करायचा. शेवटी तो चालू करायची वेळच आली नाही, कारण दार भिंतीकडे उघडत होतं आणि भाजीचा खण बाहेरच येईना. गेला परत. नव्याच्या वेळी मी शहाणी झाले होते. जिन्याचं वळण, स्वयंपाकघराच्या दाराची रुंदी, फ्रीजचं दार पूर्ण उघडल्यावर लागणारी जागा, सगळं मोजून कागदावर काढून दिलं. बऱ्याच मॉडेलमध्ये बिजागरी दुसऱ्या बाजूला लावता येते, ते घेण्याआधी विचारा.

आता तुमचे दोन प्रश्न.

भाडं अडवू नका. मालक चुकत असतील, पण ज्या दिवशी तुम्ही भाडं थांबवता त्या दिवशी करार मोडल्याचं निमित्त तुम्हीच त्यांच्या हातात देता, आणि बोलणं फ्रीजवरून थकबाकीवर जातं. आधी करार काढा आणि सामानाच्या यादीत फ्रीज आहे का ते बघा. असेल तर तो घरासोबत तुम्हाला दिलेला आहे, आणि मेसेजमध्ये त्या ओळीचाच उल्लेख करा. नसेल, मालकांनी नुसता "राहू दे, वापरा" म्हणून ठेवला असेल, तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते. मग हक्काने न मागता अर्धा खर्च, भाड्यातून वळती अशा भाषेत बोला.

स्वतः घ्यायचा तर घ्या, पण आधी एका मेसेजवर त्यांचा होकार मिळवा: फ्रीज कुणाचा, भाड्यातून किती आणि किती महिने वळते होणार, घर सोडताना तो कुणाबरोबर जाणार. आणि जुना भंगारात देऊ नका! कितीही निकामी असला तरी तो त्यांचा आहे. माझ्या ओळखीच्या एकांनी जागा अडते म्हणून मालकांना न विचारता तो देऊन टाकला आणि घर सोडताना अनामत रकमेतून चांगल्या चालत्या फ्रीजची किंमत कापली गेली. मालक म्हणाले, "चालू होता की."

आमचा जुना काकांनी न्यायला पाच आठवडे लावले. तोवर तो व्हरांड्यात उभा होता, आणि त्यात आम्ही छत्र्या ठेवत होतो.