माझं नाव बाहेर आलं तर?

गेल्या पावसाळ्यात पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आल्या. पुण्याच्या उपनगरातील एका जुन्या सोसायटीत त्या राहतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. बोलता बोलता खरे कारण पुढे आले. तळमजल्यावरच्या घरातून एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाच्या पुड्या विकल्या जातात असा त्यांना दोन महिन्यांपासून संशय होता, आणि पोलिसांना कळवावे म्हणून फोन हातात घेतला की तो पुन्हा खाली ठेवला जात होता. "माझं नाव बाहेर आलं तर? आणि संशय खोटा ठरला तर मीच आत जाईन का?" असे त्यांनी विचारले.

ही भीती मी भित्रेपणा मानत नाही. ज्या जिन्यावरून रोज जायचे, त्याच जिन्याखालच्या माणसाविषयी ही माहिती द्यायची असते.

त्यांनी पिशवीतून दुधाच्या हिशेबाची वही काढली. 'अर्धा लिटर', '1 लिटर' या नोंदींच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते: 'रात्री 10.20, काळी दुचाकी, दोन मुले, दोन मिनिटे.' पुढच्या पानावर मात्र 'आज पण धंदा झाला, घरातली सगळीच तशी' असे होते. मी त्यांच्या हाती पेन्सिल दिली आणि जे डोळ्यांनी पाहिले तेवढ्याखालीच रेघ ओढायला सांगितले. त्याला अर्धा तास लागला. उरल्या त्या अकरा रात्रींच्या वेळा, एका गाडीचा क्रमांक आणि एकदा नोटांच्या बदल्यात दिलेली लहानशी प्लॅस्टिकची पुडी. 'सगळीच' या शब्दात त्या घरातली अंथरुणाला खिळलेली आजीही आली होती, हे लक्षात येताच त्या ओशाळल्या.

कायद्याविषयी मी त्यांना एवढेच सांगितले की, 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम 68 नुसार या कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्याला खबर कोणी दिली हे सांगण्याची सक्ती करता येत नाही. आणि कलम 58 मधील दोन वर्षांपर्यंतची शिक्षा, जाणूनबुजून व द्वेषबुद्धीने खोटी खबर देऊन कोणाची झडती किंवा अटक घडवून आणणाऱ्यासाठी आहे, प्रामाणिकपणे चुकलेल्या शेजाऱ्यासाठी नाही. तरीही मी केवळ कायद्यावर विसंबत नाही. पूर्वी माझ्याकडे येणारे एक गृहस्थ भर दुपारी जवळच्या चौकीत जाऊन बोलले आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांचेच नाव निघाले, तेव्हापासून मी 1933 हा अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा 'मानस' हेल्पलाइनचा क्रमांक आधी सुचवतो. तो जुलै 2024 पासून चोवीस तास सुरू आहे आणि तेथे नाव न सांगताही माहिती देता येते.

त्यांच्या यजमानांना हा विषय सोसायटीच्या सभेत काढायचा होता. मी तसे करू नका म्हटले. सभेतली गोष्ट तळमजल्यावर पोहोचायला रात्रही लागत नाही, आणि संशय चुकीचा असेल तर त्या कुटुंबाला पुढे तोंड दाखवणे कठीण होते. चित्रीकरण करणे, पाठलाग करणे, पुड्या विकणाऱ्याला गाठून समजावणे, यांतले काहीही करू नये हेही मी निक्षून सांगितले.

फोन करायचा की नाही, हे मात्र मी त्यांच्यावरच सोडले होते. चार दिवसांनी त्यांनी केला, आणि तीन आठवडे काहीच न घडल्याने संतापून माझ्याकडे आल्या. खबर पडताळावी लागते, झडतीच्या अटी काटेकोर असतात, त्यात चूक झाली तर खटला न्यायालयात कोसळतो आणि तपास कुठवर आला हे खबर देणाऱ्याला कोणी कळवत बसत नाही, हे मी आधीच सांगायला हवे होते; ती चूक माझी. त्या दिवशी आम्ही पोलिसांवर फार बोललो नाही. रात्री दहानंतर त्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत होत्या, ती खुर्ची कुठे हलवायची यावरच बराच वेळ गेला.