सौर, पवन आणि बॅटरी मिळून कोळशाची जागा घेतील का?

विजेपुरती बरीचशी घेतील, पण एकट्या बॅटरीच्या जिवावर नाही. बॅटरी दुपारचं ऊन संध्याकाळच्या मागणीपर्यंत नेते, तेवढंच. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची गाजलेली बॅटरी २०१७ साली १०० मेगावॅटची होती, साठा १२९ मेगावॅट-तास. पूर्ण जोरात चालवली तर सव्वा-दीड तासात रिकामी! (ग्रिड सावरायला मात्र झकास.)

आपली खरी परीक्षा आषाढात. आठवडाभर आभाळ भरलेलं, छतावरचे पॅनल सुस्त. तेव्हा साताऱ्याच्या पठारांवर वारा भरपूर असतो, हे नशीब. साठवणुकीसाठी मला घाटघरचा जलविद्युत प्रकल्प जास्त भरवशाचा वाटतो: जास्तीच्या विजेवर पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घ्यायची. सह्याद्रीत अशा जागा आहेत.

पोलादाच्या भट्टीतला कोळसा मात्र इतक्यात हलत नाही.