दंडावरचा काटा जात का नाही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडीने अंगावर काटा येतो आणि ऊब मिळाली की विरतो. काहींच्या दंडांवर, मांड्यांवर मात्र तो विरतच नाही. या अवस्थेला केराटोसिस पिलॅरिस म्हणतात. त्याविषयी आलेल्या पत्रांना या वेळच्या सदरात उत्तरं दिली आहेत.

आठवीत असल्यापासून माझ्या दोन्ही दंडांवर मागच्या बाजूला बारीक दाणे आहेत. खाजत नाहीत, दुखत नाहीत, पण हात फिरवला की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. रोज घासणीने घासते, तरी दुसऱ्या दिवशी तसंच. अर्ध्या बाह्यांचे कपडे घालायचं सोडून दिलंय. माझं काय चुकतंय? (विद्यार्थिनी, वय १७)

चुकतंय ते एवढंच, घासणं. मळ असता तर पहिल्याच अंघोळीत गेला असता. हे दाणे बाहेरून चिकटलेले नाहीत, आतून भरलेले आहेत. त्वचेच्या वरच्या थरात केराटिन नावाचं चिवट प्रथिन असतं, केसांत आणि नखांत असतं तेच. एरवी त्याचे थर सुटे होऊन आपल्या नकळत झडतात. तुझ्या त्वचेत केसाच्या छिद्राच्या तोंडाशी ते झडत नाहीत, एकावर एक साचतात आणि छिद्राला बूच बसतं. भिंगातून दंड बघ. दाण्याच्या मध्यावर पांढरट टोक दिसेल, आणि एखाद्या दाण्यात बुचाखाली अडकलेला बारीक केस गुंडाळी होऊन बसलेला दिसेल. घासणीने ते टोक उडतं, बूच आत तसंच राहतं. भोवतालची त्वचा मात्र सोलवटते, सुजते, आणि सूज उतरताना काळसर डाग मागे ठेवून जाते. सावळ्या त्वचेवर हे डाग मूळ दाण्यांपेक्षा जास्त उठून दिसतात आणि काही महिने हटत नाहीत. म्हणून घासणी, खरखरीत स्क्रब, नखाने टोक काढणं, सगळं आजपासून बंद.

बूच उपटायचं नाही, मऊ करायचं. अंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांच्या आत. नेहमीचा वडीचा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू नऊ-दहाच्या घरात, तर त्वचेचा पाचच्या आसपास. तेव्हा साबण काखा, जांघा आणि पायांपुरता ठेव, दंडांना सौम्य क्लेन्झर किंवा नुसतं पाणी पुरे. टॉवेलने पुसू नकोस, टिप. त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लाव.

क्रीम कोणतं? पहिले दोन आठवडे फक्त १० टक्के युरियाचं, सकाळ-रात्र. युरिया पाणी धरून ठेवतो आणि केराटिन सैल करतो. तिसऱ्या आठवड्यापासून रात्री १० ते १२ टक्के लॅक्टिक अ‍ॅसिडचं लोशन, सकाळी युरिया तसाच चालू. हा क्रम पाळ, कारण कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेवर पहिल्याच दिवशी अ‍ॅसिड लावलं की आग होते, आणि अर्ध्याअधिक बाटल्या तिथेच कपाटात जातात. मिनिटभर चुणचुणलं तर चालेल. दहा मिनिटांनंतरही आग होत असेल तर धुऊन टाक आणि पुढे एक दिवसाआड लाव. लॅक्टिक अ‍ॅसिडने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून उघड्या दंडांवर दिवसा एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन हवंच.

आता मात्रा. बहुतेकांचं इथेच बिघडतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी सरळ रेघ निघते, ती सुमारे अर्धा ग्रॅम. तेवढ्यात दोन तळहातांएवढी त्वचा झाकली जाते, म्हणजे एका दंडाची मागची-बाहेरची बाजू. दोन दंड, दिवसातून दोनदा, म्हणजे रोजचे दोन ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी. ती तीन महिने पुरत असेल तर औषध निकामी नाही, ते पोचतच नाही.

त्वचेची पेशी तळापासून वर येऊन झडायला महिनाभर किंवा जास्त वेळ घेते, म्हणून आठवड्याने आरशात बघून निराश होऊ नकोस. आधी स्पर्श बदलतो, साधारण चार ते सहा आठवड्यांत. मग दाणे बसतात. डाग सगळ्यात शेवटी. १० टक्के लॅक्टिक अ‍ॅसिड आणि ५ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड यांची तुलना करणारी एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनंतर लॅक्टिक अ‍ॅसिडने दाणे सुमारे ६६ टक्क्यांनी कमी झाले, सॅलिसिलिकने ५२. म्हणजे दोन्ही चालतात, पण सरासरी पाहता त्वचा कोऱ्या पाटीसारखी झाली नाही. हवा तेवढा फरक पडला की आठवड्यातून दोन-तीनदा लावणं चालू ठेवायचं. पूर्ण सोडलंस तर काही आठवड्यांत बुचं पुन्हा बसतात, कारण घडणच तशी आहे, बहुधा घरातूनच आलेली.

आणि अर्ध्या बाह्या जरूर घाल. हे कुणाला लागत नाही, पसरत नाही, आणि किशोरवयात तर इतकं सर्रास आढळतं की तुझ्या वर्गातही आणखी काही जणींना असेलच.

चार वर्षांच्या मुलाच्या दोन्ही गालांवर बारीक खरखरीत दाणे आणि लाली आहे. दंडांवरही थोडे आहेत. थंडीत वाढतं. त्याला अधूनमधून एक्झिमाही होतो. मोठ्यांची औषधं चालतील का? (आई)

गालांवर नाहीच. लहान मुलांत केराटोसिस पिलॅरिस गालांवर नेहमी दिसतं आणि वाढत्या वयात गालांवरचं बऱ्याचदा आपोआप कमी होतं. तिथे सुगंध नसलेलं साधं, दाट मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा लावा, बस्स. दंडांवर ५ टक्के युरिया चालतो, पण त्वचा फुटलेली किंवा खाजवून ओली झालेली असेल तिथे नको, झोंबतो. मूल एकदा झोंबल्यावर पुन्हा हात लावू देत नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिड लहान मुलांच्या मोठ्या भागावर लावू नये, ते त्वचेतून रक्तात जातं.

एक्झिमा आणि हे दाणे एकाच मुलात दिसणं नवल नाही. दोन्हींच्या मुळाशी त्वचेचा कोरडेपणा असतो, आणि अनेकांत फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोषही सापडतो. एक्झिमा उसळलेला असेल तेव्हा आधी त्याचे उपचार करा, दाण्यांचं नंतर पाहता येतं. थंडीत खोलीत हीटर चालत असेल तर हवा आणखी कोरडी होते, तेव्हा मॉइश्चरायझरची एक पाळी वाढवा.

दूध आणि गहू बंद केले, व्हिटॅमिन ए च्या गोळ्या घेतल्या तर हे जातं, असं ऐकलं. खरं का?

नाही. कोणताही पदार्थ सोडल्याने ही बुचं सुटतात असा भरवशाचा पुरावा नाही. व्हिटॅमिन ए च्या गोळ्या मनाने घेणं तर धोक्याचं आहे, जास्तीचं ए यकृतात साठतं. गोंधळ होतो तो एका वेगळ्याच आजारामुळे. कुपोषणात कोपरं, गुडघे, नितंब यांवर टोकदार, काटेरी दाणे येतात. सोबत अंधारात दिसायला त्रास होत असेल तर व्हिटॅमिन ए च्या कमतरतेची तपासणी लगेच करून घ्यावी. केसांभोवती रक्ताचे ठिपके आणि हिरड्यांतून रक्त असेल तर व्हिटॅमिन सी कमी आहे का ते पाहावं लागतं. पू भरलेले, दुखणारे किंवा छाती-पाठीवर अचानक उठून सतत खाजणारे दाणेही केराटोसिस पिलॅरिसचे नसतात, ती बहुधा केसांच्या मुळांची जंतूमुळे किंवा यीस्टमुळे आलेली सूज असते.

मांड्या आणि दंड लालभडक दिसायचे. ओळखीच्या एकाने दिलेलं क्रीम लावलं, आठवड्यात लाली गेली. थांबवलं की परत येते, म्हणून पाच महिने लावतोय. आता मांडीवर शिरा दिसायला लागल्यात. (वय २९)

ट्यूबवरची घटकांची ओळ वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे, आणि तुम्ही सांगता ती लक्षणं त्याचीच वाटतात. स्टिरॉइड लाली दाबतं, कारण ते रक्तवाहिन्या आकुंचन पावायला लावतं. बुचावर त्याचा काहीच परिणाम नाही. म्हणून थांबवलं की लाली परततेच, कधी आधीपेक्षा जास्त. दरम्यान त्वचा पातळ होत जाते, शिरा दिसू लागतात, मांड्यांवर ताणाचे पट्टे उमटतात, आणि ते पट्टे पुढे फिकट झाले तरी पुसले जात नाहीत. हे तुम्हाला आधी कुणी सांगायला हवं होतं.

पाच महिने मोठ्या भागावर लावलेलं आहे, म्हणून ते या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूबसकट दाखवा. क्रीम लावण्यातलं अंतर कसं वाढवत न्यायचं, ते क्रीमची ताकद पाहून ठरतं. त्यात बुरशीविरोधी औषधही मिसळलेलं असेल तर तेही सांगा, खाली दबलेली बुरशी स्टिरॉइडमुळे लपून राहते. पुढचे तीन-चार आठवडे फक्त साधं मॉइश्चरायझर. पातळ झालेल्या त्वचेवर लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड आत्ता लावलं तर भाजल्यासारखं होईल. त्वचा सावरली की वरच्या पहिल्या उत्तरातला क्रम सुरू करा. दाण्यांच्या लालीवर स्टिरॉइडला जागा आहे, पण ती एवढीच: १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य, सात दिवसांच्या आत, खाज किंवा सूज असेल तरच.

वॅक्सिंगनंतर दाणे वाढतात. लेझर करून घेऊ का?

वॅक्सने केस ओढला की नवा केस बुचाखालीच उगवतो, वर यायला वाट नसते, तो आतच वळतो. त्यापेक्षा शेव्हिंग बरं: कोमट पाण्यात तीन-चार मिनिटं त्वचा भिजू द्या, जेल लावा, नवं ब्लेड घ्या, केसांच्या दिशेने, एकाच जागेवरून एकदाच. आदल्या रात्री आणि नंतरच्या दोन रात्री अ‍ॅसिड नको. वॅक्स करायचंच असेल आणि रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए सारखं काम करणारं, त्वचेवर लावायचं औषध) लावत असाल तर ते आठवडाभर आधी थांबवा, नाही तर मेणाबरोबर कातडीही निघते.

लेझर ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. त्याआधी तीन महिने रात्री एक दिवसाआड ०.१ टक्का अ‍ॅडापलिन हे रेटिनॉइड लावून पाहता येतं. अ‍ॅसिड त्याच रात्री नको, मधल्या रात्री. एवढं करूनही गुंडाळलेले केस आणि खरखर राहिली तर केस काढणारा लेझर उपयोगी पडतो. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग तुलनेने सुरक्षित, कारण त्याची किरणं वरच्या थरातल्या रंगद्रव्यात कमी अडकतात. नुसती लाली असेल तर ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर, पण तो खरखर घालवत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. आधी झाकल्या जाणाऱ्या छोट्या जागी चाचणी करायला सांगा आणि काही आठवडे डाग पडतो का ते पाहा. घाईने पूर्ण दंड करून घेऊ नका.

पाचवा महिना आहे. दाणे एकदम वाढलेत. काय लावू, काय नको?

गरोदरपणात ते वाढल्याची उदाहरणं आहेत, बाळाला त्याचा काही धोका नाही. ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलिन, टाझारोटिन ही रेटिनॉइडं पूर्ण बंद. सॅलिसिलिक अ‍ॅसिड मोठ्या भागावर नको. १० टक्के युरिया आणि लॅक्टिक अ‍ॅसिड सर्वसाधारणपणे चालतं, तरी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. बाळ झाल्यावर एक लक्षात ठेवा: पाजताना त्याचं डोकं जिथे टेकतं त्या दंडावर अ‍ॅसिडचं लोशन लावलेलं असेल तर त्याच्या गालाला लागतं. ते रात्रीच्या शेवटच्या पाजण्यानंतर लावा आणि वर लांब बाहीचं सुती काहीतरी घाला. पहाटे पुन्हा पाजायची वेळ आली तर दंड आधी पाण्याने धुऊन घ्या.