हमीपत्रावरची सही मागे घ्या

प्रश्न : मुलगी व्हीलचेअर वापरते. बारावीला ८१ टक्के. केमिस्ट्रीत बीएस्सी करायचं म्हणते. ‘प्रयोगशाळेत काही झाल्यास जबाबदारी आमची’ असं हमीपत्र कॉलेजनं मागितलं, मी सही करून दिली. पण धास्ती वाटते. त्यापेक्षा घरी बसून बीए करायला लावू का? – एक वडील

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात कॉलेज काय म्हणालं ते आहे, तुमची धास्तीही आहे. मुलगी काय म्हणाली, यावर एकच वाक्य. सही करताना तिला विचारलंत का? ती अठरा वर्षांची होईल किंवा झालीही असेल, आणि तिच्या अंगाचा हिशेब तिच्याइतका कुणालाच ठाऊक नाही. मला मार्कांची नाही, तिला विचारलं गेलं की नाही याचीच काळजी वाटते. धास्ती तुमची आहे, त्यापायी विषय तिनं का सोडायचा?

जोखीम तपासायची म्हणजे मुलीला झेपेल का ते ठरवायचं, असं कॉलेजनं धरलंय आणि तुम्हीही. तपासायचा असतो प्रयोग. टायट्रेशनच घ्या, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याची तीव्रता मोजायचा प्रयोग. उभ्यानं काम करायचं टेबल साधारण ९० सेंटीमीटर उंच. बसून ब्युरेट, म्हणजे स्टँडला लावलेली उंच काचेची नळी, भरायची तर हात डोक्याच्या वर जातो, ॲसिड सांडलं तर चेहऱ्यावर नाहीतर मांडीवर. हा धोका खरा आहे. म्हणून पाय खाली जातील असं बुटकं टेबल हवं, ब्युरेट खाली घेऊन भरायची, गॉगल आणि मांडी झाकणारा रबरी ॲप्रन घालायचा. जड बाटली लॅब असिस्टंटनं उचलावी, रीडिंग मात्र तिनंच घ्यावं. आगीच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही, तेव्हा प्रॅक्टिकल तळमजल्यावर मागा.

या सोयी म्हणजे मेहेरबानी नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्यताप्राप्त संस्थांवर ती जबाबदारी टाकली आहे, तुमच्या सहीनं ती उतरत नाही. हमीपत्र लेखी परत मागा आणि सोयींचा अर्ज तिच्या सहीनं द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाला किमान ५ टक्के जागा राखीव असतात. पुढे एमएस्सी प्रवेशाची जॅम आणि त्यानंतर प्राध्यापकीसाठीच्या नेट, सेट या परीक्षा आहेतच, ते पुढचं पुढे बघू.

बीएचं म्हणाल, तर तिला इतिहास आवडत असता तर आनंदानं हो म्हटलं असतं.

या आठवड्यात दोघं प्रयोगशाळेत जाऊन या. मोजपट्टी न्या. दाराची रुंदी, टेबलाची उंची, नळापर्यंत हात पोचतो का, सगळं बघा. कुठे मदत लागेल ते तिनं सांगायचं, तुम्ही लिहून घ्यायचं.