प्लेस्टेशनचा भाव उतरायची वाट पाहू का?

उदगीरच्या एक ताई विचारतात: ‘मी परिचारिका, हातात 41 हजार पडतात. घरचं तीन एकर सोयाबीन. दहावीतल्या मुलाला प्लेस्टेशन 5 (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) पाहिजे. लातूरच्या दुकानदारानं 54,990 सांगितले, बारा बिनव्याजी हप्ते. ते सोयाबीनवर फेडीन म्हणते. भाऊ म्हणतो, दोन वर्षं दम धर, अर्ध्यात येईल. काय करू?’

ताई, तुमच्या भावाचं गणित चूक नाही, जुनं आहे. प्लेस्टेशन 2 अमेरिकेत ऑक्टोबर 2000 मध्ये 299 डॉलरला आला आणि मे 2002 मध्ये 199 वर उतरला. तेव्हा आतली चिप दरसाल स्वस्त पडायची, आणि कंपनीची खरी कमाई गेम विकून, म्हणून यंत्राचा भाव खाली आणायला तिची ना नसायची. आता चिप तशी स्वस्त होत नाही, वर डॉलर महाग. प्लेस्टेशन 5 आपल्याकडे फेब्रुवारी 2021 मध्ये 49,990 ला आला. पावणेदोन वर्षांनी भाव उतरायचा तर पाच हजारांनी चढला! 2024 मध्ये आलेलं बारकं मॉडेलही 54,990 लाच. ऑगस्ट 2025 मध्ये तर अमेरिकेतही 50 डॉलर वाढले.

तेव्हा छापील किमतीची वाट बघू नका. दिवाळीत, कधी मे-जूनमध्ये काही हजारांची सूट निघते. ती थोडे दिवस असते, पैसे तयार असले तर पदरात पडते.

‘बिनव्याजी’चं म्हणाल, तर बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट आधी मिळते; पण कार्डाच्या बिलात त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी निघतेच. वर्षात हजारेक रुपये. त्यानं घर बुडत नाही. माझी हरकत सोयाबीनला आहे. 2024-25 ला हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता, अन् आडतीत बहुतेक दिवस त्याच्या खालचीच पट्टी (विक्रीचा हिशेब) हातात आली. पट्टी कमी आली म्हणून हप्ता थांबत नाही.

पगारातून महिना 5,000 ची बँकेत आरडी (दरमहा ठरलेली रक्कम भरायची ठेव) लावा, बारा महिन्यांची. (पोस्टाची नको, ती पाच वर्षांची.) साडेसहा टक्के व्याज धरलं तर 62 हजारांच्या आसपास होतील. तोवर बोर्डाची परीक्षाही उरकलेली असेल. एखादा हप्ता ओढाताणीत चुकला, तर हे यंत्र आपल्याला झेपत नाही एवढं तरी कळेल, तेही कर्ज न होता.

घ्याल तेव्हा डिस्कवालाच घ्या, म्हणजे ज्यात गेमची डिस्क (तबकडी) घालता येते तो. नवा मोठा गेम 4,999 चा असतो. जुनी डिस्क विकता येते, जुनी घेताही येते. तुमच्या भावाचं ‘अर्ध्यात येईल’ इथं मात्र बरेचदा खरं ठरतं.

सेकंड हँड मिळत असेल तर बिल मागा, तिथंच लावून तासभर खेळून बघा, पंख्याची घरघर ऐका. मुलाला सोबत न्या, त्याला आपल्या दोघांपेक्षा जास्त कळतं.